तिसरा माग

मागाच्या मोडक्या वयीतली तार
वाकवून कडं केलं, बांगडीएवढं.
भांडी घासायच्या साबणाचं पाणी, त्यात ग्लिसरीन.
मेडिकलवाला म्हणाला, ओठ फुटलेत काय सर?
हो म्हटलं.
नाहीतर सगळं सांगत बसावं लागलं असतं.

खडेबाजारातून आणलेला जुना स्पीकर
स्टुलावर उताणा,
त्याच्या तोंडावर कडं, जरासं तिरकं,
कड्यात पाण्याचा पडदा:
केसाचे शंभर पदर काढले
तर त्यातल्या एकाएवढा जाड.
जाड म्हणायचं आपलं, सवय म्हणून.

शेजारी दिवा, दिव्यापुढे बटर पेपर.
मोबाईलवर सूर धरायचा, हळूहळू वर न्यायचा,
एका ठिकाणी पडदा दचकतो
आणि फिरायला लागतो.
सोमवारी बारावीच्या पोरांना दाखवायचं होतं.

पण सूर लावलाच नव्हता मी अजून.
पिनसुद्धा खोचली नव्हती.
आणि पडद्यात दोन भोवरे,
एक डावीकडे वळणारा, एक उजवीकडे,
मधून जांभळ्याची बोटभर वाट.
हिरवा सोनेरीला ओढत नेतोय,
सोनेरी कडेला जाऊन गुलाबी होतोय,
परत येतोय, पण तोच नव्हे.

वडगावातली ही खोली मी भाड्याने घेतली
तेव्हाच मालक म्हणाले होते,
भिंतीपलीकडे चार माग आहेत, झोप येईल ना?
आली. तीन वर्षं आली.
आज कळलं, तो खडखडाट
भिंतीतून फरशीत, फरशीतून स्टुलाच्या पायात,
पायातून तारेत चढत होता
आणि मी आपला कानानंच ऐकत होतो.

भिंतीवर थाप मारली.
शंकरेप्पा ढवळी आले, मिशीत कापूस.
काय करूलालाईस मास्तर, इतक्या रात्री?
बोट दाखवलं.
वाकले. गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिले.
मग मान वळवून पलीकडे ओरडले,
बसवण्णी, निल्लिसो!

एक माग थांबला. मग दुसरा.
चौथा थांबला तेव्हा
दिव्याची बारीक गुणगुण ऐकू आली.
भोवरे मात्र फिरतच होते,
हात सोडल्यावरही फुगडीतल्या पोरी फिरतात तसे,
सैल, अजून सैल.

ह्याला तुमच्यात काय म्हणतात?
भोवरा.
आमच्यात सुळी.
बसवण्णी दारातून आला, खाली वाकला,
त्याच्या टाळूवर केसांचे दोन भोवरे.
ती पण सुळीच, म्हणाले शंकरेप्पा,
दोन असल्या की दोन लग्नं.
आमच्यातपण तसंच म्हणतात, म्हटलं.
बसवण्णीनं डोक्यावर हात ठेवला.

रंग कुठला घातलाय, सर?
कुठलाच नाही.
उजेड पुढून परततो, थोडा आत जाऊन मागूनही परततो,
परतताना दोघांची गाठ पडते, तिथं रंग दिसतो.
शंकरेप्पांनी डोळे बारीक केले.
एवढ्याशा पातळाला पुढं-मागं असतंय काय?
असतंय, म्हटलं.
ते काही बोलले नाहीत.
पन्नास वर्षं कापड हाताळलेला माणूस,
दोन बोटांत हवाच चोळून बघत होता.

वरच्या कडेला काळं उतरायला लागलं.
फाटलं, बसवण्णी म्हणाला.
अजून नाही. तिथं सगळ्यात पातळ झालंय,
इतकं, की पुढचा उजेड मागच्याला खाऊन टाकतोय.
तिघांनीही श्वास धरला होता.
काळं खाली आलं,
दोन भोवऱ्यांच्या मधल्या वाटेपर्यंत आलं,
आणि कड्यात काहीच नव्हतं.
पलीकडची फरशी, शंकरेप्पांचा अंगठा.

आवाज झाला नाही,
ह्याचंच बसवण्णीला जास्त नवल.

पुन्हा बुडव, म्हणाले शंकरेप्पा. चालू करतो.
कुठला पाहिजे? चारी?
तिसरा, म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
तिसऱ्याचा ठोका जरा लंगडतो,
तो मी झोपेतही ओळखतो.
पंधरा दिवस सांगूलालोय ह्याला,
म्हणाले, पोराकडे बोट करत,
पट्टा बदल, पट्टा बदल.
मग थांबून म्हणाले,
राहू दे. सोमवारपर्यंत राहू दे.